बलभीम गवंड्याचा कट्टा

माझं बोलणं मोठ्यानं असतं, हे आधीच सांगून ठेवते. धाराशिवात आमच्या उताराच्या गल्लीच्या तोंडाला माझी पिठाची गिरणी आहे. दिवसभर पट्ट्याच्या आवाजावर ओरडायचं, मग घरी गेलं तरी आवाज काही खाली येत न्हाय. गल्ली म्हणते, प्रेमाबाईच्या कानावर काही जाऊ देऊ नका, संध्याकाळपर्यंत ते पिठाच्या डब्यातनं घरोघर पोचतं. म्हणू दे. पण गेल्या पावसाळ्यात मी एक गोष्ट पोटात ठेवली होती, आणि त्या दिवसांत माझं काय झालं ते माझं मला ठाऊक. ती गोष्ट बलभीमअण्णांची.

बलभीमअण्णा गवंडी. गिरणीच्या समोरच राहतात. उंच, काटक, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला. कुणाच्याही घरी गेले की आधी माणसाकडं न्हाय, भिंतीकडं बघणार. लेकीला तेर गावचं स्थळ आलं तेव्हा बाकीचे सगळे पोराची नोकरी काय, शेती किती ते विचारत होते. हे उठून गिलाव्यावर बोटानं टकटक करून आले आणि म्हणाले, "द्या पोरगी. भिंत कुठं पोकळ न्हाय." लेक तिथं सुखात आहे, त्यामुळं कुणाला बोलायला जागाच राहिली न्हाय.

त्यांची बायको कडूबाई. आधीची लेकरं जगली न्हाईत म्हणून आईनं तसलं नाव ठेवलेलं, पण बाई लई मायेची. आमच्या गल्लीत रस्ता जिथं वळतो तिथं एक मोकळी जागा आहे. ऊन कललं की कडूबाई आणि ताहेराबी तिथं येऊन बसायच्या. ताहेराबीचं घर त्या जागेला लागूनच, पण खालच्या अंगाला. दोघी मिळून गहू निवडायच्या, भाजी मोडायच्या आणि गिरणीकडं बघून माझी चेष्टा करायच्या. बसायला काय, तर अण्णांचं पालथं घातलेलं घमेलं. कडूबाईचे गुडघे दुखायचे. "गवंड्याची बायको मी, आन् घमेल्यावर बसती," म्हणायची. "एक कट्टा बांधा की मला." अण्णा म्हणायचे, "बांधू की. एवढं हातातलं काम उरकू दे." गावभर ओटे बांधून देणाऱ्या माणसाचं हातातलं काम कधी उरकलं न्हाय. माघातल्या थंडीत कडूबाईला ताप आला आणि त्या तापातच ती गेली. कट्टा राहिला तो राहिलाच.

त्यानंतर अण्णांनी थापीला हात लावला न्हाय. लेक तेरला चला म्हणून रडून गेली, तिच्याबरोबरही गेले न्हाईत. मी भाकरी पाठवायची, ती तशीच्या तशी परत यायची. एकदा मी दारात जाऊन ओरडले, की अहो अण्णा, माझ्या हातच्या भाकरीत काय खडे लागतात काय तुम्हाला. तर म्हणाले, "भाकरी चांगली हाय वो. मलाच गिळवंना."

आता पाण्याचं सांगते. आमचा रस्ता सिमेंटचा झाला. त्यावर परत एक थर पडला, मग आणखी एक. रस्ता चढत गेला आणि घरं खाली राहिली. लोकांनी अंगणात फरश्या घातल्या, म्हणजे मातीचं नाव उरलं न्हाय. मोठा पाऊस आला की वरच्या वस्तीचं सगळं पाणी उतारानं धावत यायचं आणि थेट ताहेराबीच्या घरात शिरायचं. तिचे मालक बाबामियाँ लकव्यानं खाटेवर आहेत. उजवं अंग गेलेलं, बोलणं अडखळत. घरात पाणी शिरलं की फरशी दिवसचे दिवस ओली राहायची, त्यांची छाती भरायची. कडूबाई जायच्या आधीच्या पावसाळ्यात तर दवाखान्यातनं कसंबसं परत आणलं. डॉक्टर ताहेराबीला स्पष्टच बोलले, की पुन्हा असल्या ओलीत ठेवलं तर माणूस हाती लागायचा न्हाय.

कडूबाई गेली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका संस्थेची पोरगी आमच्या गल्लीत यायला लागली. राजनंदिनी, बेंबळीची, पोटुशी असून स्कूटीवर फिरणारी. तिनं गिरणीपुढं बायका जमवल्या आणि सांगितलं, की पाऊस पडला की आपण पाण्याला हाकलून देतो, ते ओढ्याला जातं, ओढा भोगावती नदीला, आणि जाताना खालच्याचं घर बुडवून जातं. गल्लीगल्लीनं आपापलं पाणी जागेवर मुरवलं तर ओढाही फुगणार न्हाय आणि बोअरलाही पाणी राहील. त्या मोकळ्या जागेत खोलगट खड्डा करायचा, खाली खडी, वर वाळू, वर माती, आणि पाण्यात न कुजणारी झाडं लावायची. ह्याला म्हणायचं पाऊसबाग. मी म्हणाले, बाई, ही तर डासांची बाग होईल. ती म्हणाली, "काकू, डासाला अंडी घालायला सवड मिळायच्या आत पाणी मुरतं. तुम्ही बघाच." पोरगी धिटुकली होती, मला आवडली.

ताहेराबीनं एकच विचारलं, "बेटी, माझ्या घरात पाणी यायचं थांबंल का?"

"थांबंल मावशी. पण सगळ्यांनी हात लावायला पाहिजे."

मग हात लागले. दर रविवारी गल्ली टिकाव-फावडी घेऊन हजर. कुणी खडी आणली, कुणी परसातली कर्दळ उपटून आणली, कुणी अळू, कुणी वाळ्याचे ठोंब. आणि एका रविवारी बलभीमअण्णा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. त्यांनी खड्ड्याचा उतार बघितला, माझ्या पोराच्या हातातलं फावडं घेतलं आणि खाली उतरले. त्या दिवशी माझ्याकडची भाकरी परत आली न्हाय.

बाग झाली, झाडं लागली, आणि राजनंदिनी बाळंतपणाला बेंबळीला गेली. जाताना लई काय काय सांगून गेली. कचरा काढा, माती तुडवू नका, जनावर जाऊ देऊ नका. पण कट्टा बांधू नका, असं काही ती सांगून गेली न्हाय. सांगावं लागेल असं तिच्या डोक्यात तरी कसं येणार?

आपल्याकडची रीतच आहे ती. एखाद्या जागेवर जीव जडला की आपण तिला उघडं ठेवत न्हाय. वडाला कट्टा, विहिरीला कट्टा, देवाला कट्टा. श्रावणात पावसानं ओढ दिली, शेळ्या बागेत शिरून कर्दळ खायला लागल्या, आणि अण्णा म्हणाले, "मी कट्टा बांधतो. राजनंदिनी लेकरू घेऊन आली की बघून खूश व्हईल." गल्लीला तेवढंच पाहिजे होतं. घर बांधून उरलेल्या विटा निघाल्या, अर्धी पोती सिमेंट निघालं, फुटक्या फरश्या निघाल्या. अण्णांनी बागेच्या चारी अंगानं कट्टा घेतला. जन्मात एवढं मन लावून त्यांनी काही बांधलं नसेल. ओळंबा लावायचे, लांब जाऊन बघायचे, परत यायचे. वळणाच्या अंगाला, जिथं त्या दोघी बसायच्या, तिथं कट्टा रुंद केला, टेकायला पाठ केली आणि पाठीवर पांढऱ्या फरशीत लाल तुकडे बसवून अक्षरं काढली. कडूबाईचा कट्टा.

नारळ फोडला तेव्हा ताहेराबी आधी जाऊन बसली. तिला वाचता येत न्हाय. अक्षरांवरनं हात फिरवत मला म्हणाली, "काय लिवलंय वाच." मी वाचलं. "परत वाच," म्हणाली. मी परत वाचलं. अण्णा तोंड फिरवून थापी धुवायला गेले.

त्या आनंदात गल्लीतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं न्हाय, की आता पाणी बागेत जाणार कुठनं. मी शहाण्यात स्वतःलाही धरते आणि अण्णांनाही.

पोळा झाला आणि एका दुपारी धो धो पाऊस आला. अण्णा तेव्हा तुळजापूरला एका लॉजच्या गिलाव्याच्या कामावर होते, पुन्हा कामाला जायला लागले होते ना. मी गिरणीतनं बघत होते. वरनं लोंढा आला, वळणावर कट्ट्याच्या पाठीला धडकला, कडूबाईच्या नावाखालनं वळला आणि दुप्पट जोरानं ताहेराबीच्या दारात घुसला. बागेत आभाळातनं पडला तेवढाच पाऊस. मी पळत गेले. ताहेराबी डब्यानं पाणी उपसत होती. बाबामियाँ खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले. मी पदर खोचला, बादली घेतली आणि तोंडही सोडलं. "येऊ दे त्या अण्णाला. दाखवते त्याला त्याचा कट्टा."

ताहेराबीनं डबा टाकला, माझा हात धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ हाय प्रेमा. अण्णाला एक शब्द बोलायचा न्हाय. आत्ता कुठं माणूस जेवाया लागलाय."

"आन् तुझा माणूस?"

"माझं मी बघती."

पुढचे दिवस मी तोंडाला कुलूप लावून काढले. अण्णा रोज संध्याकाळी कामावरनं आले की त्या कट्ट्यावर बसायचे, आणि खालनं बाबामियाँचा खोकला ऐकू यायचा. "मियाँभाईला हवा बाधली काय?" अण्णा विचारायचे. मी गिऱ्हाइकावर खेकसायची. गहू ओले आणले म्हणून, ज्वारी उशिरा आणली म्हणून, कशावरनंही.

मग ताहेराबीनंच एक दिवस अण्णांना बोलावलं. "भाऊ, माझा उंबरा जरा उंच करून द्या. उंदीर लई येत्यात." मीही तिथंच होते, बाबामियाँना काढा घेऊन गेलेली. अण्णा थापी-घमेलं घेऊन आले, उंबऱ्यापाशी बसले, आणि सवयीप्रमाणं त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथंच थांबली.

भिंतीच्या चुन्यावर ओलीची रेघ होती. ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत, खाटेच्या मागनं, कपाटाच्या मागनं, सगळीकडं एकाच उंचीला.

"भाभी, हे काय?"

"फरशी धुतली की भाऊ. जरा जास्तच पाणी घातलं."

"धुतल्याची ओल वरखाली ऱ्हाती. ही रेघ लेव्हलात हाय. अशी लेव्हल पाणी भरल्याबगर येत न्हाय." मग ते खाटेकडं वळले. "मियाँभाई, घरात पाणी आलतं का?"

बाबामियाँ जन्मात खोटं बोललेले न्हाईत. त्यांनी ताहेराबीकडं बघितलं, आणि भर सकाळी, काढा अर्धा राहिलेला असताना, डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. अण्णा उठले. घमेलं तिथंच राहिलं.

मी मागनं गेले. ते कट्ट्यापुढं रस्त्यात उभे होते. वरच्या उताराकडं बघत होते, मग कट्ट्याकडं, मग ताहेराबीच्या दाराकडं. "प्रेमाबाई, तुमाला ठावं हुतं?"

"व्हय. शपथ घातली होती तिनं."

"राजनंदिनीला फोन लावा."

लावला. मागं तिचं तान्हं रडत होतं. अण्णांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अण्णा, अख्खा कट्टा पाडायचं काम न्हाय. वळणाच्या अंगानं चांगलं रुंद तोंड काढा. पाणी जिथं येऊन धडकतंय तिथंच."

"तिथं नाव हाय."

मग ती हळू म्हणाली, "मी आले की बघू अण्णा. बाजूनं कुठनं पाइप घालता येतो का."

"हत्तीचा पाऊस तुझ्यासाठी थांबंल व्हय, लेकी? लेकराकडं बघ तू," असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि घण आणायला घरात गेले.

खरंच, हस्ताचं नक्षत्र दारात आलं होतं. तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत येणाऱ्या पोरांच्या आरोळ्या हमरस्त्यावर सुरू झाल्या होत्या. आमच्याकडं हत्ती बरसला की धरबंद राहत न्हाय, हे लेकराला पण माहीत आहे.

अण्णा घण आणि छिन्नी घेऊन आले, तर ताहेराबी कट्ट्यावर येऊन बसलेली. बरोबर नावाला पाठ टेकून. "हे फोडायचं न्हाय," म्हणाली. "उंबरा वाढवा, माझं भागतंय."

"उंबरा वाढवला तर पाणी मोरीतनं उलटं वर येतंय भाभी. उठा."

"तिचं एवढंच तर ऱ्हायलंय भाऊ. जित्तेपणी तिला बसाया जागा मिळाली न्हाय. आता नाव तरी बसू द्या की." आणि ती रडायला लागली. दारादारातनं बायका बाहेर आल्या.

अण्णा तिच्यासमोर रस्त्यातच उकिडवे बसले. लई हळू बोलले. "तिच्यासाठी म्हणूनच बांधलं न्हवं मी? आन् तेच्यापायी तुमच्या घरात पाणी शिरतंय. मियाँभाई खोकतोय त्यो मला इथं बसून ऐकू येतोय. मला आता हे नाव वाचवंना, भाभी."

ताहेराबी उठली. उठताना तिनं पदरानं ती अक्षरं पुसली.

अण्णांना वाटलं होतं, छिन्नीनं ते लाल तुकडे सुटे करावेत, अख्खे निघतील. एकही निघाला न्हाय. एवढे पक्के बसवले होते त्यांनी. छिन्नी लावली की फरशीच फुटायची. गल्लीतले बाप्ये पुढं आले, म्हणाले, अण्णा, द्या आमच्याकडं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. शेवटी घण उचलला. पहिल्या घावाला मी डोळे मिटले, खोटं कशाला सांगू. ते मात्र न थांबता फोडत राहिले, पाठ गेली, बैठक गेली, पार जमिनीपर्यंत रुंद तोंड झालं.

मला वाटलं, तुकडे घरी नेतील, कुठंतरी जपून ठेवतील. मी टोपलं पण आणून दिलं. त्यांनी टोपल्यात भरले खरे, पण बागेत उतरले आणि पाणी जिथं पडणार तिथं मातीवर ओळीनं बसवायला लागले. लाल बाजू वर. "नुसत्या मातीवर लोंढा पडला तर झाडं उपटून नेईल," म्हणाले. "हेच्यावर पडू दे. दमानं आत जाईल." गिरणीत जाऊन मी पट्टा चालू केला आणि त्या आवाजात पोटभर रडून घेतलं.

घट बसले आणि हत्ती आला. दुपारचं आभाळ काळंभोर झालं, समोरचं घर दिसेना असा पाऊस. गल्लीतली सगळी माणसं दारात उभी. कुणाला आत बसवंना. ताहेराबीनं खाटेच्या पायांखाली विटा लावून ठेवल्या होत्या, बाबामियाँच्या उशापाशी बसून राहिली होती. अण्णा एकटे वळणावर, फावडं घेऊन, टॉवेल डोक्यावर चिकटलेला. मी छत्री घेऊन गेले तर मला हाकललं.

वरनं लोंढा आला. लाल गढूळ, पिशव्या, काटक्या, कुणाची तरी चप्पल, सगळं घेऊन. वळणावर आला, कट्ट्याच्या तोंडापाशी जरा घुटमळला, आणि आत वळला. अण्णा फावड्यानं कचरा बाजूला ओढत होते आणि पाणी त्या लाल तुकड्यांवरनं पसरत कर्दळीत शिरत होतं. बाग भरत गेली. वाळ्याची पाती तेवढी वर राहिली. मी कधी तिकडं बघत होते, कधी ताहेराबीच्या दाराकडं. दारापुढं तिच्या पत्र्यावरनं गळलेलं पाणी तेवढं वाहत होतं.

पाऊस उघडला. बागेतलं पाणी बघता बघता खाली बसायला लागलं होतं, पण अण्णांनी तिकडं बघितलं न्हाय. फावडं टाकलं, ताहेराबीच्या दारात आले, धोतर पिळलं आणि आत गेले. मी मागोमाग. ते खाटेपाशी गुडघे टेकून बसले. खाटेवरच्या गोधडीला हात पुसून कोरडा केला, खाटेखाली पार भिंतीपर्यंत घातला, फरशीवरनं सगळीकडं फिरवला आणि बाहेर काढून बघितला. हाताला नुसती धूळ.

"कोरडं हाय," म्हणाले.

कडूबाईला उचलली तेव्हा हा माणूस रडला न्हवता. लेक गळ्यात पडून रडली तेव्हाही न्हाय. आम्हाला सगळ्यांना त्याचाच घोर लागला होता. आता त्यांनी बाबामियाँच्या खाटेच्या काठावर डोकं टेकवलं आणि ते हमसून हमसून रडायला लागले. बाबामियाँनी आपला चांगला हात उचलला, त्यांच्या ओल्या डोक्यावर ठेवला आणि तसाच ठेवून पडून राहिले. ताहेराबीनं दार अर्धं ओढून घेतलं, आणि आम्ही दोघी बाहेर येऊन उभ्या राहिलो.